डीएसएल लाइनवर स्वतःचा फायरवॉल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट) चा मोडेम आणि घरातली किंवा ऑफिसातली बाकीची मशीन यांच्या मध्ये एक छोटा पीसी बसवायचा आणि त्यालाच फायरवॉल करायचं, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं (डेटाचे तुकडे) त्यानं रूलप्रमाणे सोडायची किंवा अडवायची, एवढाच विषय आहे. हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की एकदाच नीट लिहून काढतोय. उदाहरणं लिनक्सची घेतली आहेत, पण ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स अशी तयार फायरवॉल सॉफ्टवेअर वापरत असाल तरी अडचणी याच येतात, फक्त सेटिंगची पानं वेगळी.

मोडेममध्येच फायरवॉल असतो ना, मग वेगळा सर्व्हर कशाला?

असतो, आणि नुसतं ब्राउझिंग करायचं असेल, मोडेम बऱ्यापैकी नवा असेल, तर तो पुरतो. तिथे उगाच पसारा वाढवू नका. पण त्या मोडेमचं फर्मवेअर कधी अपडेट होणार हे तुमच्या हातात नसतं, लॉग धड बघता येत नाहीत, आणि बऱ्याच मोडेमवर कंपनीला लांबून सेटिंग बदलता यावी म्हणून टीआर-०६९ नावाची सोय चालू असते, ती साधारणपणे ७५४७ नंबरच्या पोर्टवर (मशीनमध्ये येण्याचं नंबर दिलेलं दार) ऐकत बसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराय बॉटनेटच्या (ताब्यात घेतलेल्या डिव्हाइसांची फौज) एका अवतारानं याच पोर्टवर मारा केला आणि जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या जवळपास ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट अडखळलं. त्यात ग्राहकांची काही चूक नव्हती, त्यांना ते दार आहे हेच माहीत नव्हतं. स्वतःच्या फायरवॉलवर कुठलं दार उघडं आहे ते तुम्हाला माहीत असतं, कारण ते तुम्हीच उघडलेलं असतं. माझ्या मते एवढं एक कारण पुरेसं आहे.

कसला पीसी लागेल?

फार काही नाही. एडीएसएल टू प्लसचा कागदावरचा स्पीडच २४ एमबीपीएस आहे, व्हीडीएसएल टू घेतलं तरी नेहमीच्या प्रोफाइलवर १०० च्या आसपास, त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही ६४ बिट पीसी आणि २ जीबी रॅम असली की झालं. दोन नेटवर्क पोर्ट मात्र हवेत, एक मोडेमकडे, एक आतल्या स्विचकडे. यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर लावून काम चालतं, पण कायमचं तसं ठेवू नका, गरम झालं की मध्येच गायब होतं आणि तुम्ही दोष लाइनला देत बसता.

विजेचा हिशोब आधीच करा. जुना डेस्कटॉप ७० वॉट खात असेल तर दिवसाला १.६८ युनिट, म्हणजे महिन्याला ५० युनिट. १० वॉटचा बिनपंख्याचा मिनी पीसी घेतला तर महिन्याला ७ युनिटच्या थोडं वर. वर्षभराचा फरक बघितला की जुनं मशीन "फुकट" नाही हे कळतं. आणि बायोसमध्ये जाऊन वीज आली की आपोआप चालू होण्याची सेटिंग लावा, हे नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वाटतं. यूपीएस असेल तर मोडेमही त्याच्यावरच घ्या, नुसता फायरवॉल जागा राहून उपयोग नाही.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

ज्याचं मॅन्युअल तुम्हाला वाचता येतं ते. लिनक्सवर आयपीटेबल्स २००१ च्या २.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आहे, त्याच्या जागी आलेलं एनएफटेबल्स २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून. आता नव्यानं शिकत असाल तर सरळ एनएफटेबल्स शिका, एकाच फाइलमध्ये सगळे रूल राहतात आणि फाइल लोड होते तेव्हा एक तर पूर्ण लागते नाही तर अजिबात लागत नाही, अर्धवट फायरवॉल उभा राहत नाही. ब्राउझरमधून क्लिक करत काम करायचं असेल तर ओपीएनसेन्स, पीएफसेन्स किंवा आयपीफायर. पहिल्या दोघांच्या पोटात ओपनबीएसडीवर जन्मलेला पीएफ आहे आणि तो वाचायला फार सुरेख आहे.

ब्रिज मोड म्हणजे काय, तो लागतोच का?

मोडेम राउटर म्हणून चालतो तेव्हा लॉगिन तोच करतो, पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) त्याच्याकडेच राहतो, आणि तुमच्या फायरवॉलला आतला १९२.१६८ वाला आयपी मिळतो. मग तुमचा फायरवॉल पुन्हा नॅट करतो, म्हणजे आतल्या सगळ्या मशीनना एकाच आयपीमागे ठेवतो. याला डबल नॅट म्हणतात. ब्राउझिंग चालतं, पण पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) दोन ठिकाणी करावं लागतं, व्हीपीएन (बाहेरून आत यायचा बंदिस्त बोगदा) कुरकुर करतो, आणि मुख्य म्हणजे बाहेरचं दार अजून मोडेमच्याच ताब्यात असतं. ब्रिज मोडमध्ये मोडेम फक्त टेलिफोनच्या तारेवरचा सिग्नल इथरनेटवर आणून देतो, बाकी काही नाही. लॉगिन म्हणजे पीपीपीओई तुमचा फायरवॉल करतो आणि पब्लिक आयपी थेट त्याच्यावर येतो.

ब्रिज करायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: युजरनेम, पासवर्ड, एडीएसएल असेल तर व्हीपीआय आणि व्हीसीआयचे आकडे, व्हीडीएसएल असेल तर व्हीलॅनचा नंबर (दोन्ही म्हणजे लाइनवरची तुमची वाट ओळखायचे नंबर). हे मोडेमच्या पानावर दिसतात पण एकदा ब्रिज केलं की इंटरनेट बंद, आणि तेव्हा शोधायला जागा नसते. कागदावरच लिहा, ज्या मशीनवर काम चाललंय त्याच मशीनवर नको.

ब्रिज केल्यावर मोडेमचं पान उघडत नाही, मोडेम गेला का?

नाही गेला. मोडेम १९२.१६८.१.१ वरच बसलाय पण तो फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला आहे. फायरवॉलच्या मोडेमकडच्या कार्डाला १९२.१६८.१.२ असा एक जादाचा आयपी द्या, त्या बाजूला जाणाऱ्या ट्रॅफिकला नॅट करा, पान उघडेल. फक्त आतलं नेटवर्क १९२.१६८.१ चंच असेल तर गोंधळ होणार, पाकीट कुठल्या बाजूला पाठवायचं ते फायरवॉलला कळणार नाही. म्हणून आतलं नेटवर्क सुरुवातीलाच वेगळं घ्या, १०.२०.३० असं काहीतरी. नंतर बदलायचं म्हणजे प्रिंटरपासून सगळ्यांना नवे आयपी.

पीपीपीओई कनेक्टच होत नाही, पासवर्ड तर बरोबर आहे.

आधी मोडेमवरचा डीएसएलचा दिवा स्थिर आहे ना बघा, लुकलुकत असेल तर अजून लाइनच सिंक झाली नाही (मोडेम आणि पलीकडचं टोक जुळलेलं नाही), तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. दिवा स्थिर असेल तर मोडेमकडच्या कार्डावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि कनेक्ट करा. तुमच्याकडून पाडी नावाचं पाकीट जातं, "कोणी आहे का" असं विचारणारं. पलीकडून पाडो यायला हवं. पाडी जातंय, जातंय, जातंय आणि उत्तर काहीच नाही, असं दिसलं तर पासवर्डचा संबंधच नाही, मोडेम नीट ब्रिज झालेला नाही किंवा व्हीपीआय-व्हीसीआय नाहीतर व्हीलॅन चुकलाय. पाडो येतंय, पुढची देवाणघेवाणही होतेय आणि मग ऑथेंटिकेशनला अडतंय, तर युजरनेम बघा, बऱ्याचदा अ‍ॅटच्या खुणेपुढचा भाग राहिलेला असतो.

अजून एक. वीज गेल्यामुळे फायरवॉल धाडकन बंद पडला असेल तर पलीकडच्या सर्व्हरला तुमचं जुनं सेशन अजून जिवंत वाटत असतं, आणि एका लाइनवर एकच सेशन चालत असेल तर तो नवीन देत नाही. पाच-दहा मिनिटं थांबा. दर सेकंदाला रीट्राय मारू नका, त्यानं उशीरच होतो.

रूल कुठल्या इंटरफेसवर लावायचे?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून मीच इथे घातलाय.

समजा आतलं कार्ड ईथ झिरो आणि मोडेमकडचं कार्ड ईथ वन. साहजिकच वाटतं की ईथ वन म्हणजे बाहेर, तिथे सगळं अडवलं की काम झालं. पण पीपीपीओई चालू झालं की पीपीपी झिरो नावाचा तिसरा इंटरफेस तयार होतो आणि इंटरनेटवरून येणारं प्रत्येक आयपी पाकीट फायरवॉलला पीपीपी झिरोवरून आलेलं दिसतं, ईथ वनवरून नाही. ईथ वनवर लावलेला रूल त्या पाकिटांना शिवतसुद्धा नाही.

माझ्या पहिल्या फायरवॉलवर नेमकं हेच झालं होतं. मूळ पॉलिसी सगळं आत येऊ देणारी, आणि अडवायचे रूल ईथ वनवर. इंटरनेट मस्त चाललं होतं म्हणून तीन आठवडे काही बघितलंच नाही. मग एके रात्री सहज एसएसएचचा (लांबून लॉगिन करायची सोय) लॉग उघडला तर पानंच्या पानं, रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, गेस्ट, दर दोन-तीन सेकंदाला एक पासवर्ड ट्राय होतोय. रूलचे काउंटर बघितले तर अडवायच्या रूलसमोर शून्य पाकिटं. तीन आठवड्यांत शून्य. पासवर्ड लांबलचक होता म्हणून कोणी आत शिरलं नाही, पण मी ते मशीन तरीही पुसून पहिल्यापासून बसवलं, कारण खात्री कशी देणार.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. पॉलिसी मुळातच ड्रॉप (कुठल्या रूलनं सोडलं नाही ते टाकून द्यायचं), म्हणजे रूल चुकला तर इंटरनेट बंद पडतं आणि लगेच कळतं, उलटी चूक झाली तर ती कळतच नाही. आणि रूल लावल्यावर काउंटर बघायचे, आकडा हलत नसेल तर तो रूल काहीच करत नाहीये.

मग कमीत कमी रूल किती?

मोजकेच. फायरवॉलकडे येणारं आणि फायरवॉलमधून पलीकडे जाणारं, दोन्हीची पॉलिसी ड्रॉप. दोन्हीकडे आधीच चालू असलेल्या आणि त्यांच्याशी संबंधित कनेक्शनची पाकिटं सोडायची, मोडकी पाकिटं टाकून द्यायची. लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं) सोडायचा. ईथ झिरोवरून आत डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणं), डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) आणि एसएसएच. ईथ झिरोवरून पीपीपी झिरोकडे नवीन कनेक्शन सोडायची. पीपीपी झिरोवरून बाहेर पडताना मास्करेड, म्हणजे नॅट. आयसीएमपीबद्दल (पिंग आणि अडचणींचे निरोप नेणारी सोय) खाली सांगतो. आणि कर्नलमधलं आयपी फॉरवर्डिंग चालू करा, पण रूल लोड झाल्यावर, आणि पीपीपीओई त्याच्याही नंतर. बूट होताना आधी लाइन जोडली गेली आणि रूल मागून आले तर तेवढा वेळ मशीन उघडं पडतं.

डीएनएस सर्व्हर फक्त आतल्या आयपीवर ऐकतोय ना तेही बघा. तो पीपीपी झिरोवर उघडा राहिला तर कोणीही त्याला प्रश्न विचारून दुसऱ्याच कुणावर उत्तरांचा मारा करवू शकतो, आणि तक्रार तुमच्या नावानं येते.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. पिंग सगळीकडे होतं. काय भानगड आहे?

एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट. जवळजवळ नेहमी एमटीयूच.

इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई स्वतःचं हेडर घालतं, ६ बाइट त्याचे आणि २ बाइट पीपीपीचे, असे ८ गेले की उरतात १४९२. तुमच्या आतल्या लॅपटॉपला याचा पत्ता नसतो, त्याचं कार्ड १५०० चं आहे, तो समोरच्या सर्व्हरला सांगतो की माझ्याकडे १४६० बाइटचे तुकडे पाठव (४० बाइट आयपी आणि टीसीपीचे). सर्व्हर तसं मोठं पाकीट पाठवतो, ते पीपीपीओईच्या तोंडाशी येऊन अडतं, तिथला राउटर सर्व्हरला उलट निरोप देतो की एवढं मोठं मावत नाही, लहान कर. हा निरोप आयसीएमपीचा असतो. आता सर्व्हरसमोरच्या कुणी आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पाकीट परत परत पाठवतो, तुम्ही पांढरं पान बघत बसता. पिंग लहान असतं म्हणून ते आरामात जातं, लॉगिनचं पान उघडतं, आणि नेमकं फोटो किंवा अटॅचमेंटला अडकतं.

उपाय एका ओळीचा आहे: फॉरवर्ड होणाऱ्या प्रत्येक टीसीपी सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पाकिटातला एमएसएस (वर आलेला तुकड्याचा आकडा) फायरवॉलवरच कमी करायचा, क्लॅम्प करायचा, १४९२ मधून ४० वजा म्हणजे १४५२. मग दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच लहान तुकडे वापरतात. तपासायचं असेल तर पिंगला "तुकडे करू नको" असं सांगून १४६४ बाइटचा डेटा पाठवा, जायला हवा (१४६४ आणि हेडरचे २८ मिळून १४९२). १४६५ पाठवला की अडायला हवा. तसंच होत असेल तर तुमचा एमटीयू बरोबर १४९२ आहे. १४६४ पण अडत असेल तर एकेक कमी करत जा आणि जो आकडा जातो त्यात २८ मिळवा.

काही लाइनवर १५०८ बाइटच्या फ्रेम चालतात आणि मग पूर्ण १५०० मिळतात, पण त्यासाठी मोडेम, कार्ड आणि पलीकडचा सर्व्हर तिघांनाही ते यायला हवं. नाही जमलं तर मागे लागू नका, ८ बाइटनं काही बिघडत नाही.

सुरक्षेसाठी आयसीएमपी पूर्ण बंद करू का?

नका करू, प्लीज. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळलंच असेल, तुम्हीच दुसऱ्यांसाठी तो निरोप अडवणारे बनता. बाहेरून येणाऱ्या पिंगला वेगाची मर्यादा घाला, हवं तर तेवढंच बंद करा, पण "मावत नाही", "पोचत नाही", "वेळ संपली" हे निरोप राहू द्या.

आयपीव्ही६ मिळतंय, चालू करू का?

करा, ती आयपी पत्त्यांची नवी पद्धत आहे, पण आधी त्याचे रूल लिहा. आयपीव्ही४ मध्ये नॅटमुळे आतली मशीन आपोआप थोडी झाकली जातात, आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला खरा पब्लिक पत्ता मिळतो, त्यामुळे फॉरवर्डचा ड्रॉप नसेल तर तुमचा प्रिंटर जगाला दिसतो. आयपीटेबल्स वापरत असाल तर आयपी६टेबल्स वेगळं असतं, एकात लिहिलेलं दुसऱ्याला लागू होत नाही. एनएफटेबल्समध्ये दोघांचं एकाच टेबलात भागतं. इथे आयसीएमपी बंद करणं आणखी महागात पडतं, कारण शेजारच्या मशीनचा पत्ता शोधण्यासारखी मूळ कामंही त्याच्यावरच चालतात, आणि वाटेतले राउटर पाकिटाचे तुकडे करतच नाहीत. प्रीफिक्स (तुमच्या घरच्या पत्त्यांची सुरुवात) मिळण्यासाठी यूडीपी ५४६ वर येणारं डीएचसीपीव्ही६ चं उत्तर सोडावं लागतं. एमएसएस इथे १४३२, हेडर २० बाइटनं मोठं असतं म्हणून.

बाहेरून घरातल्या मशीनवर यायचंय, पोर्ट फॉरवर्ड चालत नाही.

पहिल्यांदा पीपीपी झिरोवर कुठला आयपी आलाय तो बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तो पब्लिक आयपी नाही, कंपनी तिच्या बाजूला तुमच्यासारख्या अनेकांना एकाच आयपीमागे ठेवतेय, तिथे तुमच्या फायरवॉलवर कितीही फॉरवर्ड करा, पाकीट तुमच्यापर्यंत येतच नाही. पब्लिक आयपी मागून घ्या किंवा आयपीव्ही६ नं या.

आयपी पब्लिक असेल आणि घरातूनच बाहेरचं नाव टाकून ट्राय करत असाल, तर आतून गेलेलं आतच वळवायला हेअरपिन नॅट लागतं, त्याशिवाय घरातून चालणार नाही, बाहेरून चालत असेल. मोबाइलच्या डेटावरून बघा.

पण माझं ऐकाल तर पोर्ट फॉरवर्ड करूच नका, वायरगार्ड नावाचा व्हीपीएन बसवा. २०२० च्या ५.६ कर्नलपासून ते लिनक्समध्येच आहे. एक यूडीपी पोर्ट उघडायचं, साधारण ५१८२०, आणि बरोबर किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. आयपी बदलत असेल तर सोबत डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या आयपीला एक कायमचं नाव. आणि यूपीएनपी (डिव्हाइसनं स्वतःच पोर्ट उघडायची सोय) बंद ठेवा, आतलं कुठलंही डिव्हाइस न विचारता दार उघडणार असेल तर बाकी मेहनतीला काय अर्थ.

कोणी फाइल अपलोड केली की सगळ्यांचं नेट रडतं.

डीएसएलचा अपलोड मुळात बारीक, तो भरला की पाकिटं मोडेमच्या लांबलचक रांगेत अडकतात आणि २० मिलिसेकंदाचं पिंग एक-दोन सेकंदांवर जातं. याला बफरब्लोट म्हणतात. रांग मोडेममध्ये साठू न देता फायरवॉलवर घ्यायची, म्हणजे पीपीपी झिरोवर केक नावाचा रांग सांभाळणारा लावायचा (४.१९ पासून कर्नलमध्ये आहे, त्याच्याआधीचं असेल तर एफक्यू-कोडेल) आणि त्याला लाइनच्या सिंक स्पीडपेक्षा थोडा कमी आकडा द्यायचा, ९० टक्क्यांपासून सुरुवात करा.

एडीएसएलवर एक खाच आहे. खाली एटीएम चालतं आणि तिथे सगळं ५३ बाइटच्या डब्यांतून जातं, त्यातले ४८ च तुमचे. ४० बाइटचं साधं पोचपावतीचं पाकीट सगळे हेडर धरून दोन डबे घेतं, म्हणजे तारेवर १०६ बाइट. केकला एटीएम आहे हे सांगितलं नाही तर त्याचा हिशोब चुकतो आणि लहान पाकिटं जास्त झाली की रांग परत मोडेममध्ये. सांगितलं की फरक लगेच जाणवतो. व्हीडीएसएलवर एटीएम नसतं, तिथे हे लावू नका.

लाइन दिवसातून चार वेळा तुटते, फायरवॉलमुळे का?

मोडेमचं पान उघडा (ते कसं ते वर आलंय) आणि नॉइज मार्जिन (लाइन आणखी किती गोंगाट सोसेल त्याचा आकडा) बघा. ६ डीबीच्या खाली घसरत असेल तर दोष तारेत आहे. जोडलेल्या प्रत्येक फोनला फिल्टर आहे का, गंजलेला जॉइंट आहे का ते तपासा, एकेक फोन काढून बघा. सिंक टिकून आहे आणि फक्त पीपीपी पडतंय, तरच फायरवॉलकडे वळा. तिथे एलसीपी एकोची (पलीकडचा अजून जिवंत आहे का विचारणारं पाकीट) सेटिंग बघा, दर २० सेकंदाला एक आणि सलग ४ उत्तरं चुकली तरच तोडायचं, एवढं ठेवलं की पुरतं.

लॉगमध्ये हजारो ड्रॉप दिसतात, कोणी माझ्या मागे लागलंय का?

नाही. पब्लिक आयपी असलेल्या प्रत्येकाला हे येतं, मशीन आपोआप सगळं इंटरनेट चाळत असतात. लॉगला मर्यादा घाला, नाहीतर डिस्क भरते. बघायचं असेल तर उलट बाजूचं बघा, आतून बाहेर जाताना काय अडतंय. घरातला कॅमेरा मध्यरात्री पोर्ट २३ वर शंभर ठिकाणी जायचा प्रयत्न करत असेल, तर ती खरी बातमी आहे.

सगळं लावलं, आता नीट आहे हे कसं कळणार?

बाहेरून बघूनच. आतून स्कॅन केलं तर तुम्हाला आतलं तोंड दिसतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा, पीपीपी झिरोच्या आयपीवर एनमॅप (उघडी पोर्टं शोधणारं सॉफ्टवेअर) चालवा, टीसीपीची सगळी ६५५३५ पोर्टं, मग यूडीपीची नेहमीची. आयपीव्ही६ असेल तर आतल्या एखाद्या मशीनच्या पत्त्यावरही. मग फायरवॉल रीबूट करा आणि परत तेच स्कॅन, कारण हातानं लावलेले रूल सेव्ह झालेलेच नसतात असं फार वेळा बघितलंय.

लांबून रूल बदलताना स्वतःच बाहेर अडकलो तर?

बदल करायच्या आधी टायमर लावा: पाच मिनिटांनी जुनी रूल फाइल आपोआप परत लोड होईल असा. नवे रूल लावा, चालू एसएसएच बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. जुनं कनेक्शन आधीपासून चालू असल्यामुळे ते टिकतंच, त्यावरून काही ठरवू नका. नवीन लॉगिन झालं तरच टायमर काढा.